कालव्याच्या रस्त्याचा शब्द

कॅप्टन हॅलोरनने कहव्याचा कप हातात घेतला आणि ओठांजवळ न नेता अलगद समोरच्या गालिच्यावर ठेवून दिला.

बैठकीतली बोलणी जागच्या जागी थांबली. भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातल्या जपमाळाही थांबल्या. स्वयंपाकघराच्या बाजूला, जाळीच्या खिडकीमागे उभ्या असलेल्या हदीलने आईचा दंड घट्ट धरला.

"आई, बघ! त्याने ठेवला!"

"दिसतंय मला. ओरडू नकोस," आई म्हणाली. पण तिचाही हात कणकेत तसाच राहिला होता.

कहवा (म्हणजे बिनदुधाची कडू कॉफी) खाली ठेवणं म्हणजे काय, हे जुरैफ गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पाहुणा काही मागायला आला असेल तर तो कप खाली ठेवतो. मागणं मान्य असेल तर यजमान म्हणतो, "कहवा घ्या." मगच पाहुणा पितो. तो न पिता उठून गेला, तर यजमानाच्या घराची पंचक्रोशीत छी-थू होते. मुलीला मागणी घालणं असो, पाण्याचा तंटा असो की खुनाचा समेट, सगळं या बोटभर कपावर तोललं जातं.

अमेरिकनांनी मात्र असं कधी केलं नव्हतं. ते यायचे, कप अगदी नीट उजव्या हातात धरायचे (एवढं त्यांना कुणीतरी शिकवून पाठवलं असावं), सरबत प्यावं तसा कहवा घशाखाली घालायचे आणि मग मागायला सुरुवात करायचे. हे पाहिजे, ते पाहिजे, अमक्याचं नाव सांगा. गावातले लोक ते मनावर घेत नसत. पिऊन झाल्यावर मागितलं ते मागणं कसलं?

आणि आज हा बाबा कप खाली ठेवून स्वस्थ बसला होता.

शेख दहाम, म्हणजे हदीलचे आजोबा आणि जुरैफच्या सगळ्या भावकीचे प्रमुख, आधी कपाकडे बघत राहिले, मग कॅप्टनच्या शेजारच्या दुभाष्याकडे. हा दुभाष्या मोसुलचा. नाव नशवान. ओळख लपवायला तोंडाला काळं फडकं बांधून, वर गॉगल लावून यायचा, त्यामुळे गावात त्याला 'दातदुखी' म्हणत.

"ही तुझी शिकवणी दिसते," आजोबा म्हणाले.

"त्यांनीच विचारलं होतं, शेखसाहेब. मी फक्त सांगितलं."

"हं. मग विचार त्यांना, काय पाहिजे?"

कॅप्टनला कालव्याचा रस्ता पाहिजे होता. त्या रस्त्यावर त्यांच्या गाड्यांखाली बॉम्ब फुटत होते आणि दर वेळी त्यांची पोरं मरत होती. ते थांबावं, एवढंच त्याचं मागणं. बोलताना त्याने आवाज चढवला नाही, की कुणाकडे बोट दाखवलं नाही.

आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. हदील जाळीतून बघत होती. शाळेत इंग्रजीत पहिली आल्यापासून तिला वाटायचं, जगातलं सगळं आपल्याला कळतं. पण आजोबांच्या तोंडून आता काय निघणार, ते तिला सांगता आलं नसतं.

"कहवा घ्या, कॅप्टन," आजोबा म्हणाले.

कॅप्टन प्याला. म्हाताऱ्यांच्या जपमाळा पुन्हा सुरू झाल्या. रस्ता दिला गेला होता.

पाहुणे फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच आई कणकेच्या हातांनीच बैठकीत शिरली.

"दिलात रस्ता? असाच देऊन टाकलात? आणि माझा बर्जस?"

बर्जस हदीलचा मोठा भाऊ. हिवाळ्याच्या सुरुवातीला नाक्यावर अमेरिकनांनी त्याची गाडी अडवली, तेव्हा मागे पंपाची वायर आणि जुनी बॅटरी सापडली होती. शेतावर पंप असतो आणि पंपाला वायर लागते, हे त्याने त्यांना परोपरीने सांगितलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर पिशवी चढवली आणि त्याला घेऊन गेले. तेव्हापासून आईला कुणी नुसतं 'बर्जसची आई' म्हणून हाक मारली, तरी तिचे डोळे भरून येत.

"तो हात पसरून समोर बसला होता," आई म्हणाली. "तेव्हाच म्हणायचं ना, तू माझा नातू सोड, मी रस्ता सोडतो!"

"बर्जसची आई, जरा खाली बस. तो माझ्या घरचा पाहुणा होता. पाहुण्याने मागितलं की यजमान हो म्हणतो, नाहीतर नाही म्हणतो. 'आधी तू हे दे, मग मी ते देतो' असं मी माझ्याच बैठकीत म्हणू? मी काय किराणा दुकान मांडून बसलोय?"

"मग आता?"

"आता मी त्याच्या घरी जाणार. पाहुणा म्हणून."

पण त्याआधी दिलेला शब्द पाळायचा होता, आणि ते काम काही सोपं नव्हतं. बॉम्ब पुरणारी पोरं आकाशातून पडलेली नव्हती. कुणी भावकीतली, कुणी पलीकडच्या गावची. आजोबा स्वतः त्यांच्या घरी गेले. एकाच्या आईला शपथ घातली, दुसऱ्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. मग कालव्याच्या कडेने खजुराच्या बागांमध्ये त्यांनी आपले पुतणे राखणीला बसवले. त्या पुतण्यांत हदीलचा मिज्बिलकाकाही होता, आणि मिज्बिलकाकाच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय शेखसाहेब," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अमेरिकनांची टोपी कधी मिळणार आम्हाला? ऊन फार लागतंय."

"तुझ्या डोक्याच्या मापाची ते बनवत नाहीत," आजोबा म्हणाले. "त्यांच्या टोपीत मेंदू बसायची जागा असते."

सगळे हसले, मिज्बिलकाकाही हसला. पण बाजारात लोक पाठीमागे काय बोलतात, ते हदीलच्या कानावर येत होतं. शेख म्हातारा झाला. शेखने दाढी विकली. शाळेत एका मुलीने तोंडावर तसं म्हटलं, तेव्हा हदीलने तिची वेणी ओढली आणि शिक्षा म्हणून तासभर वर्गाबाहेर उभी राहिली. तिला त्याचं काही वाटलं नाही. कालव्याचा रस्ता शांत झाला होता, म्हणजे आता आजोबांना काहीही मागता येणार होतं.

अमेरिकनांची छावणी जनावरांच्या जुन्या सरकारी दवाखान्यात होती. आजोबांनी बर्जसच्या आईला बरोबर घेतलं, कारण मुलगा परत मागायला जाताना आई बरोबर असलेली बरी. आणि हदीलला घेतलं, कारण दातदुखीवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता.

"तो काय बोलतो आणि ते काय बोलतात, दोन्ही ऐक," त्यांनी तिला बजावलं. "मध्ये तोंड घालू नकोस."

फाटकावर एका बाई शिपायाने हदीलची झडती घेतली आणि तिच्या बुटांना छान म्हटलं. हदीलने पाठ केलेलं लांबलचक इंग्रजी वाक्य तिला ऐकवलं. बाई हसली. हदीलला वाटलं, हे जमतंय की आपल्याला!

आत जिथे पूर्वी गाई बांधत तिथे टेबलखुर्च्या होत्या. कॅप्टन हॅलोरनने उठून स्वागत केलं आणि कहवा मागवला. तो आला कागदाच्या ग्लासात, एवढा मोठा की त्यात जुरैफची अख्खी बैठक उरकली असती. वर दूध. आजोबांनी ग्लास घेतला, आत डोकावून पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिला.

कॅप्टनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. नशवानला काही सांगावं लागलं नाही.

"काय पाहिजे, शेख?"

"माझा नातू."

कॅप्टनने आईकडे पाहिलं. मग कितीतरी वेळ तो टेबलाकडे बघत राहिला. ते दृश्य हदीलने पुढे पुष्कळदा आठवून पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता, याबद्दल तिची खात्री होती. "खजूर उतरवायच्या आत तो घरी येईल," तो म्हणाला. "प्या, शेख."

नशवानने सांगितलं. तो बरोबर सांगतोय, अशी हदीलने मान डोलावली. मग आजोबांनी तो बादलीभर दुधाळ कहवा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "बर्जसला घरी आल्यावर पहिल्यांदा या कहव्याबद्दल एक थोबाडीत ठेवून देणार आहे."

आई कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसली.

खजूर पिकायला लागले. कॅप्टन एकदा येऊन गेला, पण बसला नाही. बर्जसला दक्षिणेकडच्या मोठ्या तुरुंगात नेलं आहे, तिथे आपलं चालत नाही, पण आपण लिहिलं आहे, पुन्हा लिहिणार आहे, असं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तिथे याचं चालत नाही म्हणजे?" तो गेल्यावर मिज्बिलकाकाने विचारलं. "तुरुंग कुणाचा आहे? चिन्यांचा?"

आजोबांनी पुतण्यांना पुन्हा बागांमध्ये धाडलं. राखण चालूच राहिली.

खजूर उतरवून झाले, खोक्यात भरले, बाजारात गेले. मग एक दिवस कळलं, की हॅलोरनची तुकडीच्या तुकडी मायदेशी परत गेली. वर्ष संपलं की त्यांच्याकडे माणसं बदलतात. गाड्या त्याच, फाटक तेच, दातदुखी तोच. माणसं तेवढी नवी.

"गेला तर गेला," आजोबा आईला म्हणाले. "शब्द कुठे जातो? माझे वडील वारले तेव्हा त्यांनी दिलेले शब्द माझ्या गळ्यात पडलेच की. विहिरीच्या पाण्याचा तंटा त्यांनी मिटवला होता, तो मी अजून पाळतोय, आणि ते पाणी घेणाऱ्याचं तोंडही मला बघवत नाही. हॅलोरनच्या जागी जो बसेल तो शब्द घेऊनच बसेल."

म्हणून नवा कॅप्टन येणार असा निरोप आला, तेव्हा आजोबांनी मेंढा कापला. आईने बर्जसचे कपडे धुऊन वाळत घातले. हदीलला ते बघवेना, पण आपणही सकाळपासून दर गाडीच्या आवाजाला फाटकापर्यंत का धावतोय, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गाडीतून बर्जस उतरला नाही. उतरला तो कॅप्टन व्हिटेकर, उंच, तरुण, सभ्य. बसला. मिज्बिलकाकाने कहवा ओतला. व्हिटेकरने कप घेतला आणि अगदी हॅलोरनसारखाच अलगद गालिच्यावर ठेवला.

जाळीमागे हदीलला लगेच कळलं. हा द्यायला आलेला नाही. हा मागायला आलाय.

त्याला कालव्याचा रस्ता तसाच शांत हवा होता, आणि शिवाय पुलाकडचाही हवा होता. शिवाय काही नावं हवी होती. तो भराभर आणि मोकळेपणाने बोलत होता, आपलं काम झालंच आहे असं समजून.

"नशवान," आजोबा म्हणाले, "याला विचार. याच्या आधी जो या जागी होता, त्याने जाताना याच्याकडे माझं काही ठेवलं का? एक शब्द?"

नशवानने विचारलं. व्हिटेकरने थोडा विचार केला. "आधीच्या लोकांनी काय कबूल केलं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी तेव्हा नव्हतो. मला जे सोपवलं गेलं त्यात तसं काही नाही. पण चौकशी करतो."

"आणि हे कप खाली ठेवायचं? ते याला कुणी सांगितलं?"

नशवान घुटमळला. "ते सोपवलेल्यात होतं, शेखसाहेब."

बैठकीत कुणीतरी नाकातून हसलं. आजोबा हसले नाहीत. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले. 'कहवा घ्या' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून येईनात. घरात पाहुणा कप खाली ठेवून बसलेला, आणि यजमान मुका! म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. असं या बैठकीत कधी झालं नव्हतं. पाहुणा आता उठून गेला असता, तर दहामच्या घराचं नाव गेलं असतं. हदीलला वाटलं, आजोबांना हे ठाऊक आहे, आणि ते तरीही बसलेत.

व्हिटेकरने इकडेतिकडे पाहिलं. कुणी काही बोलत नव्हतं. त्याला काय वाटलं कोण जाणे. कदाचित वाटलं असेल, आपण घेत नाही म्हणून यजमानाला वाईट वाटलं. तो ओशाळून हसला, कप उचलला आणि पिऊन टाकला.

नशवानने गॉगलआड डोळे मिटले असावेत, त्याची मान तशी खाली गेली. त्याने व्हिटेकरला सावध केलं नाही.

आजोबांनी मोठा श्वास सोडला. "प्यायला," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं. मी 'घ्या' म्हणायच्या आत प्यायला, म्हणजे याने काही मागितलं नाही, मी काही नाकारलं नाही. वाढा जेवण."

हदील मात्र थांबली नाही. पाहुणे जेवून अंगणात आले, तशी ती मागच्या दाराने धावत गेली आणि गाडीपाशी व्हिटेकरला गाठलं. मागून आईच्या हाका येत होत्या.

"तुम्ही प्यायलात," ती इंग्रजीत म्हणाली. शब्द एकमेकांवर आपटत होते. "प्यायचं नव्हतं! आता रस्ता नाही. माझा भाऊ बर्जस. हॅलोरनने शब्द दिला होता. तो तुम्हाला द्यावा लागेल. कळलं का?"

व्हिटेकर वाकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता.

"तुझं इंग्रजी फार छान आहे," तो म्हणाला. "शाळेत जातेस ना? जात राहा हं." आणि खिशातलं एक पेन काढून त्याने तिच्या हातात ठेवलं.

आजोबांनी त्याच दुपारी राखण उठवली. बॉम्ब पुरायला कुणाला जा म्हणाले नाहीत, कर म्हणाले नाहीत. पुतणे घरी आले आणि झोपले, एवढंच. आठवडा उलटायच्या आत कालव्याच्या रस्त्यावर पहिला बॉम्ब फुटला. मग धाडी सुरू झाल्या, दारं फुटली, मिज्बिलकाकाला धरून नेलं आणि चोपून परत सोडलं. नशवान यायचा बंद झाला. कुणी म्हणे परदेशात गेला, कुणी काही वेगळंच म्हणे.

आणि हिवाळा सरता सरता बर्जस आला.

एका बसने त्याला आणि आणखी काही जणांना तिठ्यावर उतरवलं आणि ती निघून गेली. तो चालत आला. आईने त्याला दारातच कवटाळलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती, आणि पूर्वी जेवताना शेजाऱ्यांच्या नकला करून सगळ्यांना ठसका लावणारा हा मुलगा आता खाली मान घालून, कुणाशी न बोलता जेवत होता. तुरुंगात कुणाबरोबर होतास, असं विचारलं तर म्हणायचा, "चांगल्या माणसांबरोबर."

दुसऱ्याच दिवशी व्हिटेकर हजर. बरोबर नवा दुभाष्या होता, तो दुसऱ्याच देशातला, त्याची अरबी गावाला कळेना आणि गावची त्याला. आजोबांनी सगळ्यांसमोर हदीलला बैठकीत बोलावलं. ती आली. बर्जस खांबाला टेकून बसला होता.

व्हिटेकर म्हणाला, बर्जस आल्याचा त्याला आनंद झालाय. आता पुन्हा नव्याने सुरुवात करता येईल का? रस्त्याचं?

"त्याला एकच विचार," आजोबा हदीलला म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, आणि हदीलला त्यात जरा आशाही ऐकू आली. "माझा नातू याने आणला का? हो म्हणाला तर हॅलोरनचा शब्द पुरा झाला, आणि माझा मी पुन्हा उचलतो. मिज्बिलला चोपलं तेही पोटात घालतो."

हदीलने विचारलं.

व्हिटेकरने प्रश्न नीट ऐकून घेतला. तो प्रामाणिक माणूस होता. "नाही," तो म्हणाला. "तुरुंगात जागा नव्हती, म्हणून त्यांनी बरेच लोक सोडले. तो सुटला हे मलाच आज सकाळी कळलं."

सगळे हदीलकडे बघत होते. 'हो म्हणतोय' असं सांगून टाकायला काहीच लागत नव्हतं. नव्या दुभाष्याला काही कळलं नसतं, व्हिटेकरला कळलं नसतं. रस्ता शांत झाला असता, धाडी थांबल्या असत्या, बर्जसला कुणी पुन्हा नेलं नसतं. तिने बर्जसकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. त्याला कुणी आणलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"नाही म्हणतोय," ती म्हणाली.

आजोबांनी मान हलवली. "खरं बोलला. जेवून जा म्हणावं."

व्हिटेकर पोटभर जेवला, भात फार छान झाल्याचं त्याने दोनदा सांगितलं, सगळ्यांशी हात मिळवले आणि गेला. हदील फाटकाशी उभी राहून त्यांची धूळ दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. मागे बर्जस येऊन उभा राहिला. घरी आल्यापासून पहिल्यांदा तो आपणहून तिच्याशी बोलला.

"कुठल्या रस्त्याने गेले गं ते?"

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या अंगात आईने धुऊन ठेवलेला सदरा होता, आणि तो त्याला आता सैल होत होता.

"बघितलं नाही," हदील म्हणाली, आणि भांडी आवरायला आत गेली.